दवाखाना चालू ठेवायचा आहे, पण कसा? (पुणे)

पर्वती_पायथा | १२ एप्रिल २०२०, रात्री ११:१०

मी पर्वतीच्या पायथ्याशी २२ वर्षं जनरल प्रॅक्टिस करते. एक गाळा, मधे प्लायवूडचं पार्टिशन, बाहेर दोन बाकडी, आत माझं टेबल आणि तपासायची कॉट. पेशंट बहुतेक जनता वसाहत आणि दत्तवाडीतले. धुणीभांडी करणाऱ्या बायका, रिक्षावाले, मंडईतले हमाल, भाजीची गाडी लावणारे.

जनता कर्फ्यूच्या दुसऱ्या दिवसापासून चार दिवस मी दवाखाना बंद ठेवला होता. कंपाउंडर धायरीहून येतो, त्याला बस नव्हती. घरी सासूबाई ७९ वर्षांच्या, दमेकरी. आणि माझ्याकडे साध्या मास्कच्या अर्ध्या खोक्याशिवाय काही नव्हतं. आजूबाजूचे तीन दवाखानेही बंद होते, त्यामुळे मनाची समजूत घालणं सोपं गेलं.

पाचव्या दिवशी सकाळी एका जुन्या पेशंटच्या मुलीचा फोन आला. बाई पन्नाशीच्या, इन्शुलिनवर. घरात फ्रीज नाही, बाटली माठाशेजारी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतात. मी जाऊन शटर उघडलं, तर त्या पायरीवरच बसलेल्या. ग्लुकोमीटरवर आकडाच येईना, साखर मशीनच्या मोजमापाबाहेर गेलेली. उजव्या अंगठ्याला चपलेच्या पट्ट्याने फोड आला होता, त्याचं काळं झालेलं. म्हणाल्या, "दवाखाना बंद दिसला म्हणून निम्मंच टोचत होते डॉक्टर, पुरवून पुरवून." त्यांना ससूनला पाठवलं. अंगठा काढावा लागला.

त्या दिवसापासून शटर एकदाही खाली नाही. पण नुसतं उघडून बसणं पुरेसं नाही हे रोज कळतंय. गेल्या आठवड्यात पेठांचा बराच भाग आणि कोंढवा सील झाला, माझ्याकडेही तापाचे पेशंट वाढलेत. एकाच गाळ्यात ताप-खोकलावाले आणि बी.पी.-शुगरवाले वेगळे बसवायचे कसे? एन-९५ मोजून पाच मिळालेत, ते किती दिवस पुरवायचे? दमेकऱ्यांना नेब्युलायझर द्यायचा की नाही? फोनवर औषध सांगितलं तर ते कायद्यात बसतं का? इथे डॉक्टर मंडळी बरीच आहेत. जे प्रत्यक्ष करताय ते सांगा.

---

हडपसरचा_दवाखाना | १३ एप्रिल २०२०, सकाळी ६:४०

डॉक्टर, उघडलंत हे फार चांगलं केलंत. ते चार दिवस मनाला लावून घेऊ नका. माझं वय ६८, प्रॅक्टिसला ४१ वर्षं झाली, आणि यंदा मलाही दोन रात्री झोप लागली नव्हती.

२००९ चा स्वाइन फ्लू पुण्यातल्या प्रत्येक जुन्या डॉक्टरच्या डोळ्यांपुढे असेल. ३ ऑगस्टला देशातला पहिला मृत्यू आपल्याच गावात झाला, शाळकरी मुलगी होती. दुसऱ्या दिवसापासून नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा. पण तेव्हा हातात टॅमीफ्लू होतं. या वेळी हातात औषध नाही, तेव्हा सगळी भिस्त मांडणीवर.

मी काय केलंय ते सांगतो. टेबल उचलून बाहेर पडवीत आणलं. पेशंट गेटच्या आत येण्याआधीच मावशी जाळीतून तीन प्रश्न विचारतात: ताप आहे का, खोकला आहे का, धाप लागते का. एकाचंही उत्तर 'हो' आलं तर त्याला दुपारी १२ नंतरची वेळ. सकाळचे तास बी.पी., शुगर, गरोदर बायका आणि म्हाताऱ्यांचे. तापवाले सगळ्यात शेवटी, त्यांच्यानंतर फरशी पुसून कुलूप, म्हणजे पुढचा पेशंट येईपर्यंत खोलीला अख्खी रात्र मिळते. एकच गाळा असला तरी वेळ दोन भागांत वाटता येते.

घसा बघणं बंद. छाती पाठीमागून तपासतो, पेशंटचं तोंड भिंतीकडे. केस पेपर पेशंटच्या हातात देत नाही, मावशी वहीत लिहितात आणि शेजारी मोबाईल नंबर. हा नंबर न चुकता घ्या, पुढे सगळं त्याच्यावर चालेल.

एन-९५ पाच आहेत तर पाच कागदी पिशव्या घ्या, प्रत्येकीवर वार लिहा. सोमवारचा मास्क पुढच्या सोमवारीच बाहेर काढायचा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, ओलसर राहतो. वर साधा मास्क लावला तर आतला स्वच्छ राहतो. बाहेरून पट्टी सैल झाली की तो मास्क गेला असं समजायचं.

नेब्युलायझर पूर्ण बंद करा, त्याने सगळ्या खोलीत तुषार उडतात. त्याऐवजी पंप (इनहेलर) आणि स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्या मधला पोकळ डबा. स्पेसर विकत घेणं तुमच्या पेशंटला परवडणार नाही. अर्ध्या लिटरची पाण्याची प्लॅस्टिकची बाटली घ्या. बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचं भोक पाडा, तापवलेल्या तारेने नीट पडतं. पंप तिथे घट्ट बसवून कडेने चिकटपट्टी. बाटलीचं तोंड पेशंटच्या तोंडात. एक दाब द्यायचा, चार-पाच सावकाश श्वास, मग दुसरा दाब. बाटली साबणाच्या पाण्यात बुडवून तशीच सुकू द्यायची, फडक्याने पुसली तर आत औषध चिकटतं. प्रत्येकाची बाटली त्याच्या घरी, त्याच्या नावाची. गावाकडच्या पोरांना मी वर्षानुवर्षं हेच दिलंय, विकतच्या स्पेसरइतकंच काम होतं.

एक सांगायचं राहवत नाही. आमच्या हडपसरच्या ससाणे मळ्यात १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई आणि त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत यांनी दवाखाना चालवला. मुंढव्यातून एका आजारी पोराला सावित्रीबाईंनी पाठीवर घालून तिथे आणलं. त्यांना त्यातच लागण झाली, १० मार्चला त्या गेल्या. आज आपल्याला जो साथरोग कायदा लागू केलाय, तोही त्याच साली त्याच प्लेगमुळे आलेला. मी रोज त्या बाजूने जातो. पडवीत खुर्ची टाकून बसायला मला तेवढं पुरतं.

---

मुलांचा_डॉक्टर | १३ एप्रिल २०२०, दुपारी २:०५

फोनवर औषध सांगण्याबद्दल: २५ मार्चला टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली आहेत. नोंदणीकृत डॉक्टर फोन, व्हिडिओ किंवा मेसेजवर सल्ला देऊ शकतो. सुरुवातीला आपण कोण आणि पेशंट कोण हे स्पष्ट झालं पाहिजे, चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक हवा आणि नोंद ठेवायला हवी. जुन्या पेशंटची चालू औषधं पुढे लिहून देणं आरामात बसतं. नवीन पेशंटला काही औषधांसाठी व्हिडिओवर बघणं गरजेचं आहे. झोपेच्या गोळ्यांपैकी काही आणि अफूवर्गातली औषधं फोनवर अजिबात लिहायची नाहीत. चिठ्ठीचा फोटो पाठवला की केमिस्ट देतात.

माझ्या बाजूची काळजी वेगळी आहे. मी कोथरूडला असतो. गेल्या तीन आठवड्यांत लसीला आलेली मुलं बोटांवर मोजण्याइतकी. नऊ महिन्यांचा गोवराचा डोस चुकवलेलं मूल घरात सुरक्षित आहे असं आई-वडिलांना वाटतंय. गोवर कोरोनापेक्षा कितीतरी जास्त वेगाने पसरतो. मी आता वहीतून एकेकाला फोन करतोय. सकाळी ९ ते ११ फक्त लसीची, निरोगी मुलं. आजारी मूल त्या वेळात आलं तर त्याला गाडीतच बसवून मी बाहेर जाऊन तपासतो. इतर गावांतल्या बालरोगतज्ज्ञांनीही फोन सुरू करावेत ही विनंती.

---

धनकवडीकर | १३ एप्रिल २०२०, रात्री ९:३०

मी डॉक्टर नाही. धागा वाचून आधी राग आला, मग पुन्हा वाचला.

२८ मार्चला माझ्या वडिलांना थंडी वाजून ताप आला. वय ७१. नेहमीचा दवाखाना बंद, दारावर चिठ्ठीही नाही. दुसरीकडे शटर अर्धं वर होतं, आतून हाताने 'जा' म्हणाले. तिसऱ्यांनी फोन उचलला नाही. एका मोठ्या रुग्णालयात गेलो तर दारातच सांगितलं, आधी कोरोनाचा रिपोर्ट आणा. तपासणी कुठे होते विचारलं तर नायडूला जा. तोपर्यंत वडील बसल्या जागी कलंडायला लागले होते. शेवटी सातारा रस्त्यावर आतल्या गल्लीत एक वयस्कर डॉक्टर भेटले. त्यांनी रस्त्यावर स्टूल टाकून वडिलांना बसवलं, दहा प्रश्न विचारले आणि म्हणाले लघवीचं इन्फेक्शन आहे. चार दिवसांच्या गोळ्या, भरपूर पाणी. बरे झाले.

तुम्हाला मास्क मिळत नाही हे मला आज कळलं. पण दारावर एक चिठ्ठी तरी लावता येते ना? 'बंद आहे, या नंबरवर फोन करा' एवढंच. आमच्यासारख्याला त्या दिवशी तेवढंही खूप झालं असतं.

---

पर्वती_पायथा | १३ एप्रिल २०२०, रात्री ११:४५

धनकवडीकर, तुमचं बरोबर आहे. त्या चार दिवसांत माझ्या दारावरही चिठ्ठी नव्हती. आज मोठ्या अक्षरांत नंबर लिहून शटरच्या बाहेर चिकटवला आहे, शटर खाली असलं तरी दिसेल असा. वडिलांना पाणी पुरेसं पाजत राहा, उन्हाळ्यात हे इन्फेक्शन परत उलटतं.

हडपसरचे सर, आज दोन बाटल्या केल्या. पहिल्या बाटलीचं भोक मोठं झालं. दुसरी जमली. एका रिक्षावाल्यांना दिली, त्यांनी ती हातात धरून विचारलं, "एवढ्याने होईल?" संध्याकाळी फोन आला, झालं म्हणाले.

---

हवा_पंखा | १४ एप्रिल २०२०, सकाळी १०:२०

मी वातानुकूलनाचा इंजिनिअर आहे, सिंहगड रस्त्याला राहतो. आजाराचं तुम्ही बघा, मी हवेचं सांगतो.

क्षयरोगासारख्या हवेतून पसरणाऱ्या रोगांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा जुना दंडक आहे: खोलीतली हवा तासाला किमान १२ वेळा बदलली पाहिजे. तुमची आतली खोली १० बाय १२, उंची ९ फूट धरली तर साधारण ३० घनमीटर. म्हणजे तासाला ३६० घनमीटर हवा बाहेर जायला हवी. साधा भिंतीतला एक्झॉस्ट पंखा किती हवा फेकतो ते त्याच्या खोक्यावर छापलेलं असतं. छापलेल्याच्या निम्मं धरा आणि तेवढ्यात ३६० बसतात का बघून घ्या. चांगला पंखा सहज बसतो.

पण पंखा कुठे लावता यावर सगळं अवलंबून. हवा दारातून आत, मग डॉक्टर, मग पेशंट, मग पंखा, मग बाहेर, असा क्रम हवा. डॉक्टरांची पाठ दाराकडे, पेशंट पंख्याच्या बाजूला. आज बहुतेक दवाखान्यांत उलटं असतं, पेशंट दाराशी आणि डॉक्टर आतल्या कोपऱ्यात, म्हणजे सगळी हवा पेशंटवरून डॉक्टरांच्या तोंडावर येते. छताचा पंखा बंद ठेवा, तो हवा फक्त ढवळतो. एसी तर नकोच. उदबत्ती लावून धूर कुठे जातो ते बघा, दोन मिनिटांत कळेल. पंख्याचं तोंड शेजाऱ्याच्या खिडकीत उघडत नाही ना तेही बघा.

---

शनिपार_केमिस्ट | १४ एप्रिल २०२०, दुपारी १:१५

थोडक्यात लिहितो, दुकानात गर्दी आहे. तीन पदरी मास्कचा सरकारी भाव १० रुपये आहे, पण त्या भावात मलाच माल मिळत नाही. जास्त मागणाऱ्याकडून घेतला तर मी अडकतो, नाही घेतला तर तुम्ही. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनबद्दल हात जोडून विनंती: आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रतिबंधक म्हणून द्यावं अशी सूचना आली आणि दोन दिवसांत पुण्यातली कपाटं रिकामी झाली. आता ते एच-१ यादीत गेलंय, चिठ्ठीशिवाय मिळत नाही. पण शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठीही चिठ्ठ्या येतात. माझ्याकडे संधिवाताच्या आणि ल्युपसच्या पाच बायका आहेत, वर्षानुवर्षं हीच गोळी घेतात, त्यांना परत पाठवताना जीव तुटतो. डॉक्टरांनो, कृपा करून ओळखीवर लिहू नका.

---

पर्वती_पायथा | २६ एप्रिल २०२०, रात्री १०:३०

पंखा बसवला. उदबत्तीचा प्रयोग केला तेव्हा धूर सरळ माझ्या तोंडावर आला, म्हणून टेबल फिरवलं. आता माझी पाठ दाराकडे. २२ वर्षं ज्या भिंतीवर नजर होती ती आता मागे गेली, पण हरकत नाही.

कंपाउंडरला घरमालकाने खोली सोडायला सांगितली. का, तर दवाखान्यात काम करतो. परवा आलेल्या अध्यादेशात आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्याला तीन महिने ते पाच वर्षं शिक्षा आहे, पण घरमालकाने हात कुठे उगारला होता? मी आणि माझा नवरा जाऊन त्यांच्याशी बोललो. तो माणूस वाईट नव्हता, घाबरला होता. त्याच्या आईला बी.पी. आहे. मी आईंचं बी.पी. तपासलं, गोळी बदलून दिली, आणि आमचा कंपाउंडर घरी येताना दवाखान्यातच आंघोळ करून कपडे बदलून येतो हे सांगितलं. खोली राहिली. पण तोवर दोन रात्री तो पोरगा दवाखान्याच्या कॉटवर झोपला होता.

---

कात्रज_होमिओ | २७ एप्रिल २०२०, सकाळी ८:००

पैशांवर कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. रोजचे ४० पेशंट होते, आता ९. गाळ्याचं भाडं १२,००० आणि मालक सूट द्यायला तयार नाही. मास्क, हातमोजे, सॅनिटायझर, हायपोक्लोराइट, पिवळ्या पिशव्या, त्यावर वैद्यकीय कचऱ्याचे पैसे. मी प्रत्येक पेशंटमागे ३० रुपये जास्त घेतो आणि तसं बोर्डावर लिहिलंय. इथल्या काही जणांना हे लुटणं वाटेल. ते न घेता मी मे महिन्यात दवाखाना बंद केला असता.

---

पर्वती_पायथा | २७ एप्रिल २०२०, दुपारी ३:२०

लुटणं अजिबात वाटत नाही. बोर्डावर लिहिलंय ही त्यातली महत्त्वाची गोष्ट. माझी फी ८० रुपये आहे, मी वाढवली नाही कारण माझ्या पेशंटच्या घरातली कामं सगळीच बंद झालीत, काहींना सोसायटीच्या गेटवरूनच परत पाठवलं. नवऱ्याची नोकरी चालू आहे म्हणून मला हे जमतं. ज्याच्या घरात एकच मिळकत आहे त्याने घ्यावेत.

खर्च वाचवायचा एक उपाय: हायपोक्लोराइट बाजारात ५ टक्क्यांचं मिळतं. एक भाग ते आणि चार भाग पाणी केलं की फरशीसाठी १ टक्क्याचं होतं. तयार बाटल्यांपेक्षा खूप स्वस्त पडतं. रोजचं रोज करा, दुसऱ्या दिवशी त्याचा जोर राहत नाही. स्टेथोला आणि लोखंडी वस्तूंना लावू नका, गंजतात. तिथे स्पिरिट.

---

पर्वती_पायथा | १९ जुलै २०२०, दुपारी ४:००

धागा वर काढते आहे. शहरात पुन्हा लॉकडाऊन आहे, १३ तारखेपासून. वसाहतीत घरोघर ताप आहे.

२ जुलैला कंपाउंडर पॉझिटिव्ह आला. माझी आणि मावशींची टेस्ट निगेटिव्ह. म्हणजे पंखा, मास्क आणि वेळेची विभागणी यांनी काहीतरी काम केलं असं मी धरते. त्याला पूर्ण पगार देऊन घरी ठेवलं, मी १० दिवस दवाखाना बंद ठेवून घरूनच रोज तीन तास फोनवर बसले. या वेळी दारावर चिठ्ठी होती. दहा दिवसांत १८० च्या वर फोन झाले, त्यातल्या अकरा जणांना तातडीने पुढे पाठवावं लागलं. हडपसरच्या सरांनी पहिल्याच दिवशी नंबर लिहून घ्यायला सांगितलं होतं, ते असं कामाला आलं.

मावशींबद्दल लिहायचं आहे. त्या स्वतः वसाहतीत राहतात. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक घराची त्यांना माहिती. कुणाच्या घरात म्हातारं माणूस झोपून आहे, कुणी ताप लपवतंय, कुणाच्या गोळ्या संपल्यात. बंदच्या काळातही रोज संध्याकाळी त्या मला फोन करून एकेक घर सांगायच्या. त्यांना लिहिता येत नाही, सगळं तोंडपाठ. मी डॉक्टर म्हणून जे करते त्यातलं निम्मं त्यांच्या या माहितीवर उभं आहे, आणि महिन्याचा पगार ६,००० होता. तो ८,००० केला. आधीच करायला हवा होता.

---

हडपसरचा_दवाखाना | २१ जुलै २०२०, सकाळी ७:१५

डॉक्टर, मी १ जुलैपासून दवाखाना कायमचा बंद केला आहे. मधुमेह आहे, दोन स्टेंट आहेत, मुलगी रडून सांगत होती. चार महिने पडवीत बसलो, आता शरीर नाही म्हणतं. इथे मीच मोठमोठं लिहिलं होतं म्हणून कळवणं भाग होतं.

केस पेपर जाळले नाहीत. ४१ वर्षांची कपाटं आहेत. रोज सकाळी एक कप्पा काढतो, मधुमेह आणि बी.पी.वाले वेगळे करतो आणि फोन लावतो. औषध चालू आहे का, कुणाकडे दाखवता, गोळीचं नाव वाचून दाखवा. ज्यांना कुणी डॉक्टर नाही त्यांना माझ्या दोन तरुण मित्रांकडे पाठवतो, सोबत जुना कागद. काल एक आजोबा म्हणाले, "डॉक्टर, दवाखाना बंद झाला पण तुम्ही चालूच आहात." दिवसाला वीस फोन होतात.

---

मुलांचा_डॉक्टर | २१ जुलै २०२०, सकाळी ९:००

सर, नमस्कार. दुसरं काही लिहवत नाही.

---

कात्रज_होमिओ | १८ सप्टेंबर २०२०, रात्री १०:५०

आयएमएने (डॉक्टरांची देशव्यापी संघटना) परवा कोरोनात गेलेल्या ३८२ डॉक्टरांची यादी जाहीर केली. आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीचा ५० लाखांचा विमा सगळ्या डॉक्टरांना आहे असा आपल्यापैकी बऱ्याच जणांचा समज आहे. तसं नाही. खासगी डॉक्टर असेल तर सरकारने त्याची सेवा कोविडसाठी मागवलेली असली पाहिजे. आपापला दवाखाना उघडा ठेवला एवढ्यावर दावा धरत नाहीत. उघडा नाहीतर कारवाई करू म्हणणारी पत्रं आपल्याला आली होती. ती पत्रं, महापालिकेचे मेसेज, तापाच्या पेशंटची कळवलेली माहिती, सगळं जपून ठेवा. घरच्यांना कुठे ठेवलंय ते सांगा. आणि स्वतःचा मुदतीचा विमा काढा, उद्या नको, आज काढा.

---

पर्वती_पायथा | २२ एप्रिल २०२१, रात्री १:२०

झोप येत नाही म्हणून लिहिते. ही लाट मागच्यापेक्षा फार वेगळी आहे. आख्खी घरं आजारी पडताहेत, तिशी-चाळिशीचे लोक. बेड नाही, ऑक्सिजन नाही, रेमडेसिविरची चिठ्ठी घेऊन नातेवाईक दारोदार. अशात छोट्या दवाखान्याने काय करायचं?

माझ्यापुरतं उत्तर सापडलंय. आठ ऑक्सिमीटर विकत घेतले. त्यांची वही केली: कुणाला दिला, कधी, नंबर काय, परत कधी. पाच दिवसांनी मावशी जाऊन परत आणतात, स्पिरिटने पुसून पुढच्या घरी. देताना मी स्वतः दाखवते. नेलपॉलिश, मेंदी असेल ते बोट नको. हात गार असतील तर चोळून गरम करा. बोट घालून मिनिटभर थांबा, पहिला आकडा सोडून द्या. मग घरातल्या घरात सहा मिनिटं चाला आणि पुन्हा मोजा. वसाहतीतल्या खोलीत चालायला जागाच नसते, तिथे खुर्चीवर उठबस मिनिटभर. बसून ९४ च्या खाली, किंवा चालल्यावर ३-४ ने उतरला तर रात्री दोनलाही फोन.

सोमवारी एका वडापाववाल्यांचा आकडा ८४ होता आणि ते माझ्याशी हसून बोलत होते. धाप नाही, काही नाही. ऑक्सिमीटर नसता तर मी त्यांना क्रोसिन देऊन घरी पाठवलं असतं. सात तास फोन केल्यावर जंबो कोविड रुग्णालयात बेड मिळाला.

दुसरं काम म्हणजे 'नको' म्हणणं. दुसऱ्याच दिवशी सीटी स्कॅन नको. आणि स्टेरॉइड पहिल्या आठवड्यात, ऑक्सिजन चांगला असताना, नको म्हणजे नकोच. डेक्सामेथासोनने ज्यांना ऑक्सिजन लागतोय त्यांचे जीव वाचतात. ज्यांना लागत नाही त्यांना ते तोट्याचं पडतं, साखर भडकते. व्हॉट्सअॅपवर फिरणारी एक चिठ्ठी बघून लोक स्वतःच दुकानातून आणून घेताहेत. तरुण डॉक्टरांनो, पेशंट रागावून दुसरीकडे गेला तरी चालेल, पण लिहून देऊ नका.

आठपैकी एक ऑक्सिमीटर परत आला नाही. मावशी गेल्या तेव्हा घराला कुलूप होतं. वहीतली ती ओळ मी तशीच उघडी ठेवली आहे.

---

धनकवडीकर | २२ एप्रिल २०२१, सकाळी ८:३०

डॉक्टर, माझ्या ऑफिसातल्या सहा जणांनी मिळून १० ऑक्सिमीटर घेतलेत. कुठे आणून देऊ? गाडीचा पास आहे.

---

पर्वती_पायथा | २२ एप्रिल २०२१, सकाळी ८:५०

आज दुपारी १ ते २ मध्ये. आत येऊ नका, मावशी पायरीवर घेतील. वडील कसे आहेत?

---

धनकवडीकर | २२ एप्रिल २०२१, सकाळी ८:५५

चांगले आहेत. पाणी पितात.

---

किरकटवाडी_नवी | ६ फेब्रुवारी २०२५, रात्री ११:३०

जुना धागा वर काढते आहे, माफ करा. मी बी.ए.एम.एस. आहे, दीड वर्षापूर्वी सिंहगड रस्त्याच्या आतल्या भागात दवाखाना टाकला. करोनात मी कॉलेजात होते. गेल्या महिन्यापासून आमच्या भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांवर परिणाम होऊन हातापायांची ताकद जाणारा आजार) पेशंट सापडताहेत, पाण्यावर संशय आहे. रोज दहा जण येतात, "हाताला मुंग्या येतात, मला तेच झालंय का?" बहुतेकांना काही नसतं. पण एखादा खरा असेल आणि तो माझ्या हातून घरी गेला तर, या विचाराने मागच्या आठवड्यात दोन दिवस शटर उघडलं नाही. मग हा धागा सापडला. पहिल्या पोस्टपासून शेवटपर्यंत वाचला. आज उघडलं. मला काय बघायचं ते सांगाल का?

---

पर्वती_पायथा | ७ फेब्रुवारी २०२५, सकाळी ६:५०

माफी कसली, बरं केलंत विचारलंत.

आधी विचारा: गेल्या दोन-तीन आठवड्यांत जुलाब झाले होते का? मग पेशंटला उकिडवं बसवा आणि हात न टेकता उठायला सांगा. टाचांवर चार पावलं चालायला लावा. कालपर्यंत जिना चढत होता आणि आज कठडा धरावा लागतो, असं सांगणाऱ्याकडे कान द्या. गुडघ्याचे आणि घोट्याचे रिफ्लेक्स बघा, ते गेलेले असतील तर थांबू नका. आणि एक दीर्घ श्वास घेऊन एका श्वासात एक, दोन, तीन मोजायला सांगा. २० पर्यंत न पोहोचणारा, गिळताना ठसकणारा, पेशंट तुमच्याकडे पाच मिनिटंही ठेवू नका, व्हेंटिलेटर असलेल्या ठिकाणी पाठवा, रिक्षाने एकट्याला नाही. ज्यांना नुसत्या मुंग्या आहेत आणि ताकद पूर्ण आहे त्यांचा नंबर घ्या आणि रोज फोन करा, निदान आठवडाभर. ताकद उतरते ती काही तासांत किंवा काही दिवसांत, आणि फोनवर ती कळते: आज चप्पल पायातून निसटली का, असं विचारायचं.

पाणी उकळूनच, हे बोर्डावर लिहा. टाकी कधी धुतली ते सोसायटीला विचारा.

---

हडपसरचा_दवाखाना | ७ फेब्रुवारी २०२५, सकाळी ७:३०

दोन दिवस बंद ठेवलंत त्याचं मनाला लावून घेऊ नका. फोन करायला माणूस कमी पडत असेल तर तुमची यादी मला पाठवा, पेशंटना आधी विचारून. माझ्या सकाळी मोकळ्या असतात.

---

किरकटवाडी_नवी | ७ फेब्रुवारी २०२५, सकाळी ९:१०

सर, खरंच पाठवू? आत्ता सतरा नावं आहेत. पर्वती मॅडम, तुमच्या ऑक्सिमीटरच्या वहीचं एक पान बघायला मिळेल का, नावं झाकून? मला रकाने कसे आखलेत ते बघायचंय.

---

पर्वती_पायथा | ७ फेब्रुवारी २०२५, दुपारी २:१५

संध्याकाळी फोटो टाकते. रकाने सहा आहेत. शेवटच्या रकान्यावर 'मावशी' असं लिहिलंय, तिथे त्या खूण करतात, घरी जाऊन आल्याची. तुमच्याकडे कुणी असेल तर त्यांच्यासाठी एक रकाना ठेवा.